चरबी उतरली, पण कोणती? चोपडा तालुक्यातल्या एका रुग्णाचं प्रकरण

रुग्ण ५६ वर्षांचे. चोपडा तालुक्यात तापीकाठी केळी आणि कापूस करणारे शेतकरी. गावात सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही तेच म्हणतो. ओळख पटू नये म्हणून वय आणि काही तपशील थोडे बदलले आहेत. लिहिण्याआधी त्यांची आणि वहिनींची परवानगी घेतली आहे.

सव्वा वर्षापूर्वी आप्पांच्या छातीत दुखलं, तपासणीत हृदयाची एक रक्तवाहिनी अडलेली निघाली आणि जळगावला अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसला. घरी आले तेव्हा चिठ्ठीवर अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, मेटोप्रोलॉल आणि रात्री अटोरवास्टॅटिन ४० मि.ग्रॅ. (कोलेस्टेरॉल उतरवणारी, 'स्टॅटिन' गटातली गोळी) अशी औषधं होती. तंबाखू त्यांनी त्याच आठवड्यात सोडली, आणि ती आजतागायत सुटलेली आहे. पन्नाशीनंतर तंबाखू सोडणं किती जड जातं हे मी रोज बघतो, म्हणून ही गोष्ट आवर्जून नोंदवतो. हा माणूस औषधपाण्यात हयगय करणारा नाही. पुढे जे झालं ते निष्काळजीपणामुळे झालं नाही, जास्तीची काळजी घेताना झालं.

या वेळी ते आले ते छातीच्या तक्रारीसाठी नव्हे. अन्नावर वासना नव्हती, तोंड कडू पडलं होतं, अंगाला खाज सुटत होती, दुपारनंतर पाय ओढत चालल्यासारखं वाटायचं. वहिनी म्हणाल्या, "पंधरा दिवस व्हयनात, यासले जेवनच जात नही." लघवी नेहमीपेक्षा पिवळी. डोळ्यांत कावीळ स्पष्ट नव्हती, यकृताच्या जागी दाबलं की किंचित दुखत होतं. औषधं काय काय चालू आहेत असं विचारल्यावर आप्पांनी जुनी चिठ्ठी पुढे केली. वहिनींनी मात्र पिशवीतून एक हिरवी बाटली काढून टेबलावर ठेवली आणि गप्प बसल्या.

बाटली घरात कशी आली

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात आरोग्य मेळावा होता. आप्पांचा सख्खा भाचा साखळी पद्धतीने वनस्पती-अर्काच्या कॅप्सूल विकतो, त्यानेच मामाला नेलं. व्यासपीठावर एक प्रयोग दाखवला गेला. काचेच्या ग्लासात पाणी, त्यात आयोडीनचे थेंब, पाणी तपकिरी झालं. "हे तुमचं आजारी रक्त." मग त्यात कॅप्सूल फोडून टाकली, चमच्याने ढवळलं आणि पाणी स्वच्छ झालं. "हे अँटिऑक्सिडंट. नसा अशाच साफ होतात." टाळ्या पडल्या. बाहेर रक्ततपासणीचं टेबल होतं, तिथे आप्पांनी हात पुढे केला. रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या चरबीचा एक प्रकार) ३१० आले. स्टेंट बसलेल्या माणसाला "तुमची चरबी ३१०" असं कोणी सांगितलं तर त्याची झोप उडणारच.

दिवसाला चार कॅप्सूल सुरू झाल्या. खर्च महिन्याला दोन हजारांच्या वर. भाच्याचं म्हणणं असं की दोन्ही औषधं एकच काम करतात, मग इंग्रजी गोळीचा भार लिव्हरवर कशाला? आप्पांनी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू ठेवल्या, कारण त्या बंद केल्या तर स्टेंट बुजतो हे त्यांना हॉस्पिटलात बजावून सांगितलेलं होतं. अटोरवास्टॅटिनबद्दल तसं कोणी बजावलं नव्हतं. ती "चरबीची गोळी" होती आणि चरबीसाठी आता दुसरं काही मिळालं होतं. मला सांगताना त्यांच्या आवाजात लपवाछपवी नव्हती: "हाई झाडपालानं शे, यानी काय नुकसान व्हई? म्हनीसन ती गोयी बंद करी टाकी."

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. ट्रायग्लिसराइड १७०. भाच्याने त्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल केला आणि तो रिपोर्ट गटातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवला.

तीन रिपोर्ट शेजारी ठेवले तेव्हा

पहिला, अँजिओप्लास्टीनंतर सहा महिन्यांनी, उपाशीपोटी, अटोरवास्टॅटिन चालू असताना: एकूण कोलेस्टेरॉल १३८, ट्रायग्लिसराइड १५०, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) ३८, एलडीएल (रक्तवाहिनीच्या भिंतीत साचणारं 'वाईट' कोलेस्टेरॉल) ७०.

दुसरा, मेळाव्यातला, गोळी चालू, पण भरपेट जेवणानंतर: एकूण १५२, ट्रायग्लिसराइड ३१०, एचडीएल ३६, एलडीएल ५४.

तिसरा, तीन महिन्यांनी, उपाशीपोटी, गोळी बंद आणि कॅप्सूल चालू: एकूण २१४, ट्रायग्लिसराइड १७०, एचडीएल ३८, एलडीएल १४२.

लाल गोल ट्रायग्लिसराइडभोवती होता, आणि बदल घडला होता त्याच्या दोन ओळी खाली. ७० वर असलेलं एलडीएल दुप्पट होऊन १४२ झालं होतं. स्टेंट असलेल्या माणसात हा आकडा सगळ्यात आधी बघायचा असतो.

३१० ते १७० ही उतरण कॅप्सूलची नाही. जेवणानंतर तीन ते पाच तासांत ट्रायग्लिसराइड सर्वांत वर असतात, आणि तो दिवस आखाजीनंतरचा होता. आप्पांना विचारलं, त्या दुपारी ताटात काय होतं? आमरस आणि खापराची पुरणपोळी, वर तूप. एवढा गोड आणि तुपाचा भार घेतल्यावर ३१० येणं समजण्यासारखं आहे. तिसऱ्या वेळी रक्त सकाळी उपाशीपोटी घेतलं, म्हणून आकडा खाली आला. अटोरवास्टॅटिन चालू असतानाच्या पहिल्या उपाशी रिपोर्टशी ताडून पाहिलं तर १५० चे १७० झालेत, म्हणजे उलट थोडे वाढलेतच. शिवाय एकाच माणसाचे ट्रायग्लिसराइड कोणतंही औषध न घेता एका तपासणीपासून दुसरीपर्यंत वीसेक टक्के सहज हलतात. पहिला आकडा घाबरवण्याइतका मोठा असेल तर दुसरा बहुधा लहानच येतो. औषध दिलं तरी, न दिलं तरी.

दुसऱ्या रिपोर्टमधल्या ५४ या एलडीएलवरही मी विसंबत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, गणिताने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. १५२ मधून ३६ आणि ६२ गेले, उरले ५४. ट्रायग्लिसराइड फुगलेले असले की हा हिशेब एलडीएल खरं आहे त्याहून कमी दाखवतो, आणि ४०० च्या वर गेले की तो वापरायचाच नसतो. म्हणून तुलना पहिल्या आणि तिसऱ्या रिपोर्टची करायची. ती केली की एकच अर्थ निघतो: स्टॅटिन थांबलं आणि कॅप्सूलने त्याची जागा भरली नाही.

यकृताचं काय

एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) २१२ आलं. आमच्या लॅबची वरची मर्यादा ४० आहे, म्हणजे पाचपटीहून जास्त. अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्तमार्ग अडला की वाढणारं एन्झाइम) ११०, मर्यादेच्या आत. बिलिरुबिन १.४. या दोन एन्झाइमांचं एकमेकांशी प्रमाण काढलं तर इजा पित्तमार्गापेक्षा यकृताच्या पेशींना झाल्याचं दिसतं. दारू आप्पा घेत नाहीत. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई चारही निगेटिव्ह. पावसाळ्यात आपल्या भागात ई शोधल्याशिवाय कुठल्याही अर्कावर बोट ठेवू नये, म्हणून ती तपासणी मुद्दाम करून घेतली. सोनोग्राफीत यकृतावर सौम्य चरबी, बाकी काही नाही. थायरॉइड सामान्य. तेही बघणं भाग होतं, कारण थायरॉइड मंदावलं तरी एलडीएल चढतं. साखरेची तीन महिन्यांची सरासरी ६.०, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर.

रिपोर्ट कळल्यावर घरात पहिला संशय अटोरवास्टॅटिनवर गेला. भाच्याने फोनवर सांगितलं, "मामा, मी म्हटलं नव्हतं, ती गोळी लिव्हर खाते." पण ती गोळी तीन महिन्यांपूर्वीच बंद झाली होती, आणि ती चालू असतानाचं एसजीपीटी २८ होतं. तो कागद आप्पांच्या पिशवीतच होता.

बाटलीवर काय लिहिलं होतं

गुग्गुळ अर्क, अर्जुनसादड्याच्या सालीचा अर्क, लसूण अर्क, ९५ टक्के कर्क्युमिन असलेला हळदीचा अर्क, मिऱ्यातलं पायपरीन, हिरव्या चहाचा अर्क आणि क जीवनसत्त्व. पाठीमागे बारीक अक्षरांत अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक आणि इंग्रजीत एक ओळ: औषधी वापरासाठी नाही. ही ओळ कायद्याने छापावी लागते. २०१६ च्या नियमांनुसार अशी पूरकं अन्न या वर्गात मोडतात, आणि त्यांना आजार बरा करण्याचा दावा करता येत नाही. दावा व्यासपीठावर तोंडी होतो, बाटलीवर तो नसतो. आयुर्वेदिक औषधाचा परवाना १९४० च्या औषध कायद्याखाली मिळतो आणि त्याचं लेबल वेगळं असतं. आप्पा, भाचा आणि मेळाव्याला आलेले बहुतेक लोक या बाटलीला आयुर्वेदिक औषधच समजत होते.

हळदीचा हिशेब मी आप्पांसमोर कागदावर मांडला. एका कॅप्सूलमध्ये २५० मि.ग्रॅ. अर्क, चार कॅप्सूलचा झाला एक ग्रॅम, आणि त्यातलं जवळपास सगळं कर्क्युमिन. घरच्या हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असतं. म्हणजे रोज तीसेक ग्रॅम हळद, मोठे तीन चमचे भरून. वहिनी म्हणाल्या, एवढी हळद आमच्या घरात आठवड्यालाही लागत नाही. वर पायपरीन. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मि.ग्रॅ. पायपरीन दिलं तर रक्तात पोचणारं कर्क्युमिन २००० टक्क्यांनी वाढतं. आप्पांच्या चार कॅप्सूलमधलं पायपरीनही बरोबर २० मि.ग्रॅ. होतं. आपलं शरीर एरवी हळदीतलं कर्क्युमिन फारसं आत घेत नाही, घेतलेलं पटकन बाहेर टाकतं. पायपरीन ही अडवणूक काढून टाकतं. भाजीतली हळद आणि हा अर्क यांचं नाव एक आहे, पण यकृतापुढे पोचणारी मात्रा अजिबात एक नाही.

अशा अर्कांनी यकृताला सूज आल्याची प्रकरणं इटलीच्या आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये नोंदवली. अमेरिकेतल्या औषधजन्य यकृत-इजेच्या नोंदवहीतून २०२२ मध्ये १० रुग्ण प्रसिद्ध झाले. त्यातल्या ७ जणांत एचएलए-बी*३५:०१ ही एकच जनुकीय खूण सापडली, म्हणजे हा त्रास सगळ्यांना होत नाही, काहींच्या वाट्याला येतो. हिरव्या चहाच्या अर्काबद्दल युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये दिवसाला ८०० मि.ग्रॅ. ईजीसीजी (हिरव्या चहातला मुख्य अँटिऑक्सिडंट) आणि त्याहून जास्त मात्रेत यकृताची एन्झाइम वाढतात असं सांगितलं. आप्पांच्या बाटलीतली मात्रा लेबलप्रमाणे याच्या निम्म्याहून कमी होती. त्यामुळे माझा जास्त संशय हळदीच्या अर्कावर आहे. तरी सात घटक एकत्र असताना एकालाच दोषी ठरवणं शास्त्राला धरून नाही, म्हणून मी नोंदीत "मिश्र वनस्पती-अर्क, संभाव्य कारण" असंच लिहिलं.

आता कोलेस्टेरॉलचं. या घटकांचा काहीच उपयोग नाही असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही.

गुग्गुळाची गोष्ट आपल्या देशाच्या अभिमानाची आहे. बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ च्या प्रबंधात सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या वर्णनाचा धागा पकडून गुग्गुळाचा कोलेस्टेरॉलवरचा परिणाम प्राण्यांत तपासला. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत त्याचा प्रमाणित अर्क तयार झाला आणि ऐंशीच्या दशकात तो बाजारात आला. सुरुवातीच्या भारतीय चाचण्या आशादायक होत्या. पण २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवड्यांची, बनावट (औषध नसलेल्या) गोळीशी तुलना करणारी चाचणी झाली, तेव्हा गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल ४ ते ५ टक्क्यांनी वाढलं आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं. तिथल्या लोकांचा आहार वेगळा, प्रकृती वेगळी, हे मान्य. तरी स्टेंट असलेल्या माणसाची गोळी काढून तिच्या जागी गुग्गुळ ठेवावा इतका आधार या पुराव्यात नाही. आप्पा म्हणाले, गुग्गुळ तर आमच्या सातपुड्यातलाच. सातपुड्यात मिळतो तो सालईचा डिंक, सालई गुग्गुळ. झाड वेगळं, रसायन वेगळं, वापरही वेगळा. कोलेस्टेरॉलसाठी अभ्यासलेला गुग्गुळ राजस्थान-कच्छच्या कोरड्या भागातल्या काटेरी झुडपाचा.

अर्जुनाचं चित्र बरं आहे. जयपूरला हृदयरोगाच्या १०५ रुग्णांचे तीन गट करून तीस दिवस एकाला बनावट औषध, एकाला ई जीवनसत्त्व आणि एकाला रोज ५०० मि.ग्रॅ. अर्जुनसालीची पूड दिली गेली. निष्कर्ष २००१ मध्ये छापून आले. अर्जुनाच्या गटात एलडीएल सरासरी १५.८ टक्के उतरलं, रक्तातली लिपिड पेरॉक्साइडंही (चरबीच्या ऑक्सिडेशनची खूण) कमी झाली. अभ्यास लहान आणि एक महिन्याचा, पण सरळ केलेला आहे. त्यावर मोठं काम व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. ती सालीची पूड होती, सात घटकांचं मिश्रण नव्हतं, आणि गोळीऐवजी ती देऊन पाहिलेली नव्हती.

लसणाबद्दल २००७ मध्ये स्टॅनफर्डने १९२ जणांना सहा महिने कच्चा लसूण आणि लसणाच्या दोन प्रकारच्या गोळ्या देऊन पाहिल्या. एलडीएल हललं नाही. आणि आप्पांच्या परिस्थितीला सगळ्यात जवळची चाचणी क्लीव्हलँड क्लिनिकची, २०२२ ची: १९० जण, २८ दिवस. काहींना फक्त ५ मि.ग्रॅ. रोझुवास्टॅटिन, काहींना बनावट गोळी, बाकीच्यांना माशाचं तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पती-स्टेरॉल किंवा लाल यीस्टचा तांदूळ. रोझुवास्टॅटिनने एलडीएल ३७.९ टक्के उतरलं. सहापैकी एकाही पूरकाने बनावट गोळीहून जास्त काही केलं नाही, आणि लसणाच्या गटात एलडीएल ७.८ टक्के वाढलेलं आढळलं.

तपकिरी पाणी

मेळाव्यातला प्रयोग आप्पांच्या मनातून जाईना. डोळ्यांनी पाहिलेलं होतं. मग मी दवाखान्यातच जखमेला लावायचं आयोडीन ग्लासभर पाण्यात टाकलं आणि अर्धं लिंबू पिळलं. पाणी स्वच्छ झालं. क जीवनसत्त्व आयोडीनचं आयोडाइड करतं आणि आयोडाइडला रंग नसतो, एवढीच ती क्रिया. शाळेच्या प्रयोगशाळेत लिंबातलं क जीवनसत्त्व याच पद्धतीने मोजतात. रक्तवाहिनीत तपकिरी असं काही नसतं. जो थर साचतो तो नळीच्या आतल्या मोकळ्या जागेत तरंगत नाही, भिंतीच्या आत असतो.

अँटिऑक्सिडंटची कल्पना मुळात पोकळ नाही. एलडीएलचे कण भिंतीत शिरतात, तिथे त्यांचं ऑक्सिडेशन होतं, पांढऱ्या पेशी ते गिळून फुगतात आणि थर वाढतो. मग ऑक्सिडेशन अडवलं तर? हा तर्क इतका पटणारा होता की तो हजारो माणसांवर तपासला गेला. २००० साली होप नावाच्या मोठ्या चाचणीत ई जीवनसत्त्वाने झटके कमी झाले नाहीत. २००२ मध्ये ब्रिटनच्या हार्ट प्रोटेक्शन स्टडीत २०,५३६ जणांत ई, क आणि बीटा-कॅरोटीन पाच वर्षं देऊन पाहिलं. रक्तातली जीवनसत्त्वं वाढली, झटके आणि मृत्यू तेवढेच राहिले. त्याच अभ्यासात स्टॅटिनने दोन्ही कमी केले. फिनलंडमध्ये तर धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवरच्या चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त झाला, हे १९९४ मध्येच कळलं होतं.

मी आप्पांना विचारलं: "केळीला नवं खत टाकलं, पानं हिरवीगार झाली, आणि काढणीला घड पूर्वीएवढाच भरला. ते खत पुढच्या वर्षी घ्याल?" ते हसले नाहीत, विचार करत म्हणाले, घड मोजल्याशिवाय खताचं काही सांगता येत नाही. हृदयाच्या बाबतीत घड म्हणजे झटका येणं, न येणं. एलडीएल साधारण ३९ ने उतरलं की मोठे झटके-पक्षाघात सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतात, हे स्टॅटिनच्या मोठ्या चाचण्या एकत्र करून २०१० मध्ये दाखवलं गेलं आहे. अँटिऑक्सिडंटच्या पातळीसाठी असा हिशेब कुठेच नाही. आप्पांचं एलडीएल या तीन महिन्यांत ७२ ने वर गेलं होतं.

"झाडपाल्याचं" आणि "इंग्रजी" या भेदावरही बोललो. जपानमध्ये अकिरा एन्डो यांनी सत्तरच्या दशकात हजारो बुरशी तपासून पहिलं स्टॅटिन एका पेनिसिलियम बुरशीतून काढलं. १९८७ मध्ये बाजारात आलेलं लोव्हास्टॅटिनही बुरशीतलंच, आणि लाल यीस्टच्या तांदळात नैसर्गिकरीत्या असतं तेही नेमकं हेच रसायन. अटोरवास्टॅटिन पुढे कारखान्यात बनवलं गेलं, पण ते यकृतातलं तेच एन्झाइम अडवतं. उगम वनस्पतीचा की प्रयोगशाळेचा यावरून यकृत काही ठरवत नाही. आत किती गेलं, किती शुद्ध होतं आणि सोबत आणखी काय होतं, यावर सगळं अवलंबून असतं.

काय केलं

कॅप्सूल त्याच दिवशी बंद. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चालू. अटोरवास्टॅटिन लगेच सुरू केलं नाही, कारण यकृताला सूज असताना ते सुरू केलं असतं आणि एसजीपीटी आणखी चढलं असतं, तर दोष कोणाचा हे कधीच कळलं नसतं आणि आप्पांचा त्या गोळीवरचा विश्वास कायमचा गेला असता. दुसरीकडे १४२ एलडीएल घेऊन फार थांबणंही धोक्याचं. जळगावच्या हृदयतज्ज्ञांशी फोनवर बोलून असं ठरलं की एसजीपीटी मर्यादेच्या तिपटीखाली आलं की गोळी सुरू करायची.

तीन आठवड्यांत एसजीपीटी २१२ वरून ९६ वर आलं. महिन्याच्या आत निम्म्याहून खाली येणं हे कॅप्सूलच कारण असल्याच्या बाजूने जातं. खात्री करायची म्हणून ती पुन्हा देऊन बघण्याचा प्रश्नच नव्हता. अटोरवास्टॅटिन २० मि.ग्रॅ. सुरू केलं. आणखी चार आठवड्यांनी, गोळी चालू असताना, एसजीपीटी ३८. घरच्या शंकेला याहून चांगलं उत्तर मला देता आलं नसतं. त्या दिवशी एलडीएल ८२ होतं.

कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार अशा रुग्णाचं एलडीएल ५५ च्या खाली हवं. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर एलडीएल जेमतेम आणखी सहा टक्के उतरतं, म्हणून अटोरवास्टॅटिन ४० वर नेताना सोबत एझेटिमाइब (आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं कमी करणारं औषध) १० मि.ग्रॅ. जोडलं. पुढच्या तपासणीत, उपाशीपोटी: एकूण कोलेस्टेरॉल १२३, ट्रायग्लिसराइड १३०, एचडीएल ४१, एलडीएल ५६. लक्ष्य थोडक्यात हुकलं. औषध वाढवलं नाही, खाण्यावर थोडं काम बाकी होतं.

खाण्याचं बोलणं वहिनींशी झालं. शेवभाजी महिन्यातून एकदा, आणि वरची तेलाची तर्री बाजूला काढून. केळीचे वेफर घरात आणायचे नाहीत, शेतात केळी असताना तर नाहीच. कळणाची भाकरी आणि वांग्याचं भरीत चालू, तेल मोजून. रात्री इसबगोल, कारण त्यातला चिकट तंतू पित्ताम्लांना धरून बाहेर नेतो आणि एलडीएल ५ ते १० टक्के उतरवतो. ही वनस्पती आहे, स्वस्त आहे, आणि तिचा पुरावा भक्कम आहे. आप्पांना त्याचं बरं वाटलं. फक्त बाकी गोळ्यांपासून दोन तास लांब घ्यायला सांगितलं.

वहिनींनी विचारलं, त्या अधूनमधून दुधात उकळून द्यायच्या तो अर्जुनसालीचा काढा बंद करायचा का? मी आमच्या ओळखीच्या वैद्यांना विचारलं. त्यांनी आप्पांना प्रत्यक्ष तपासलं, साल कुठून आणता ते विचारलं, मात्रा ठरवून दिली आणि यकृत पूर्ण शांत होईपर्यंत थांबायला सांगितलं. या वैद्यांची पद्धत आणि मेळाव्यातली विक्री यांना एकाच नावाने ओळखलं जातं, याचं मला वाईट वाटतं. वैद्य रोगी बघतात, मात्रा आणि अनुपान सांगतात. मेळाव्यात आलेल्या प्रत्येकाला त्याच चार कॅप्सूल मिळतात.

या प्रकरणाची नोंद मी राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाकडे पाठवली. ही नोंद रुग्णालाही करता येते, १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर. बाटली, लेबलचा फोटो, घेतलेल्या तारखा आणि रिपोर्ट जवळ ठेवावेत.

भाचा स्वतः येऊन भेटला. रागावलेला नव्हता, घाबरलेला होता, कारण गटातल्या आणखी कुणाकुणाला हृदयाच्या गोळ्या चालू आहेत हे त्याला माहीत होतं. ज्या मोबाइल गटावर त्याने लाल गोलाचा रिपोर्ट टाकला होता, तिथेच त्याने निरोप टाकला: डॉक्टरांनी दिलेली कुठलीही गोळी कोणी बंद केली असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. त्यावरून तिघे आले. दोघांनी मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या होत्या, एकीने थायरॉइडची. एकाचं एसजीपीटी ७४ आहे, त्याला कॅप्सूल थांबवून महिन्याने पुन्हा बोलावलं आहे.